दाराबाहेर आम्ही

एक थेंब होता. ढगातून निघाला तेव्हा त्याला वाटलं, आपण म्हणजे कोणीतरी आहोत. वाटेत वारा भेटला. वाऱ्याने विचारलं, तू कोण? थेंब ऐटीत म्हणाला, मी थेंब. खाली समुद्र पसरला होता. थेंब समुद्रात पडला आणि त्याला कळलं, की तो थेंब कधी नव्हताच, तो

इथे धाकटीने मला थांबवलं.

"समुद्रात जायचंय का, असं थेंबाला कोणी विचारलं होतं?"

नव्हतं विचारलं, मी म्हटलं.

"मग ढकललंच की त्याला."

ही गोष्ट 'तो'पाशी थांबली. तिचं पुढे काही झालं नाही.

*

मी लहान मुलांसाठी गोष्टी लिहिते. आध्यात्मिक गोष्टी, असं प्रकाशक जाहिरातीत म्हणतात. मी म्हणते, आत डोकावण्याच्या गोष्टी. मालिकेचं नाव 'मी कोण?' प्रत्येक गोष्ट संपली की मोठ्या अक्षरांत एक प्रश्न असतो, 'मग तू कोण?', आणि त्याखाली कोरं पान, मुलांनी हवं ते काढावं म्हणून. कोणी झाड काढतं, कोणी मांजर. एका मुलाने तिथे आपल्या चिखलाच्या बुटाचा ठसा उमटवला होता. मला ते उत्तर फार आवडलं होतं.

आमच्या घरात मात्र ते पान कधी भरलं नाही. दादाच्या जुळ्या मुली, थोरली आणि धाकटी, माझ्या पहिल्या श्रोत्या. छापायच्या आधी प्रत्येक गोष्ट त्यांच्यापुढे वाचायची, जांभई आली तिथे खोडायचं, ही माझी पद्धत. प्रश्नाशी आलं की दोघी एका सुरात ओरडायच्या, "आम्ही!" मी म्हणायचे, अगं, एकेकीने सांगा. मग एक म्हणायची, आम्ही. ती थांबली की दुसरी म्हणायची, आम्ही. झालं की एकेकीने!

मी वरच्या मजल्यावर एका खोलीत राहते, दादाचं बिऱ्हाड खाली. जिन्यात पावलं वाजायची, मग दार वाजायचं. आतून मी विचारायचे, कोण आहे? या प्रश्नाला माणसं एकच उत्तर देतात: मी. त्या एका अक्षरात नाव नाही, गाव नाही, तरी आवाजावरून सगळं कळतं आणि कडी निघते. या दोघींचं उत्तर, आम्ही. आवाज इतके सारखे, की पाठमोरी असली तर वहिनीलाही ओळखू यायचे नाहीत. देवाने काटकसर केली, ती म्हणायची, एकच आवाज दोघींत भागवला.

थोरली गेली. तापाचं निमित्त झालं.

(या दोन वाक्यांपुढे बरंच लिहिलं होतं. काढून टाकलं.)

दार अजून वाजतं. जिन्यातली पावलं आता अर्धीच.

कोण आहे?

आम्ही.

मी कडी काढते. बाहेर एक असते.

*

शाळेत नव्या बाई आल्या. त्यांनी प्रत्येकाला उभं करून 'माझी ओळख' सांगायला लावलं. धाकटीने सांगितलं, आम्ही दुसरीत आहोत, आम्हाला गाजर आवडत नाही, आम्हाला पोहता येतं पण खोल पाण्यात नाही. बाईंना काही माहीत नव्हतं. त्या सहज म्हणाल्या, आम्ही कोण गं? फौज घेऊन आलीस का? वर्ग हसला. धाकटीही हसली म्हणे. मग पहिल्या बाकावरच्या कोणीतरी बाईंना खरं काय ते सांगितलं.

बाईंनी वहिनीला बोलावून घेतलं आणि पुन्हा पुन्हा माफी मागितली. पण जाता जाता त्यांनी हेही सांगितलं, की पोरीने 'मी' म्हणायला हवं, नाहीतर ती तिथेच अडकून राहील.

वहिनी तशीच वर आली, पायातल्या चपलांसकट.

"जगाच्या पोरांना 'मी कोण' शिकवता ना ताई तुम्ही? माझ्या पोरीला नुसतं 'मी' शिकवा. पुढचं 'कोण' राहू दे."

मी हो म्हटलं. नाही कशी म्हणणार? थेंबाची गोष्ट मी त्याच दुपारी लिहायला घेतली होती.

*

एका मुलाला कांदा म्हणाला, मी कुठे आहे ते शोध पाहू. मुलाने एक पापुद्रा काढला. हा तू? नाही. दुसरा काढला. मग हा तू? तोही नाही. काढता काढता मुलाच्या हातात काहीच उरलं नाही, आणि त्या काहीच-नाहीमध्ये

"मग भाजीत काय घातलं?"

मी सांगितलं, तो भाजीचा कांदा नव्हता. धाकटी म्हणाली, असं कांद्याला वाटत असेल. मला हसू फुटलं. ती खो खो हसली, आणि हसता हसता तिने मान वळवून शेजारी पाहिलं. थोरली तिथे बसायची. एकीला हसू आलं की ती दुसरीकडे बघायची, दुसरीला आलंय ना याची खात्री करायला.

शेजारी माझी उशी होती.

*

अंगातला झगा जुना झाला की आपण तो काढून ठेवतो आणि नवा घालतो. झगा म्हणजे काही आपण नव्हे. एक मुलगी होती, तिचा झगा

ही गोष्ट मी वाचायलाच नको होती.  धाकटी उठली, खाली गेली, आणि परत आली ती थोरलीचा पिवळा झगा घेऊन. दोघींचे सगळे कपडे सारखे, फक्त थोरलीच्या कॉलरला आतून लाल टाका घातलेला. तो टाका तिने मला उलटून दाखवला.

"हा कुठे जुना झालाय? आत्ताच तर घेतला होता."

तिच्यामागे वहिनी उभी होती. तिने झगा हळूच काढून घेतला, बाह्या आत दुमडून नीट घडी घातली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, थेंब झाला, कांदा झाला, आता माझ्या लेकीच्या कपड्यांवर आलात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. म्हणीचा उरलेला अर्धा भाग तिने माझ्यासाठी सोडला आणि ती गेली. जिन्यातून तिचं रडणं ऐकू आलं. वहिनी वर रडत नाही, खाली रडत नाही. मधल्या पायऱ्यांवर रडते.

धाकटी ऐकत होती.

"आम्ही 'आम्ही' म्हणतो म्हणून आई रडते?"

मी म्हटलं, कधी कधी.

"आणि 'मी' म्हटलं तर रडणार नाही?"

 तिला दुसरंही विचारायचं होतं. खिडकीच्या गजाला नख लावत तिने ते विचारलं.

"तसं म्हटलं तर थोरली कुठे जाईल?"

माझ्या प्रत्येक पुस्तकात याचं उत्तर आहे, दर वेळी निराळ्या चित्रासकट. ती कुठेच जात नाही. ती तुझ्या आत आहे. वाक्य अगदी ओठांवर होतं आणि ते मला उच्चारता येईना.

"मला माहीत नाही, बाळा."

"पुस्तकात तर लिहितेस."

"माहीत नसतं म्हणूनच लिहिते."

 मला रागावेल असं वाटलं होतं, तर ती शहाण्यासारखी मान हलवून म्हणाली, मग बरोबर आहे. दारापर्यंत गेली, थांबली.

"थोरली नसली तर आम्ही धाकटी कशा?"

उत्तराची वाट न बघता ती पायऱ्या उतरली. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत.

*

त्यानंतर ती वर येईना. प्रकाशकांनी फोनवर हळूच आठवण केली, की चित्रकार खोळंबला आहे. मी कागद पुढे ओढला.

एक दार होतं. दाराबाहेर कोणीतरी उभं

तेवढ्यात वहिनी आली. वाटी परत करायला आल्याचं म्हणाली, पण बसली. त्या दिवशी तोंडाला येईल ते बोलले, मनावर घेऊ नका, म्हणाली. मग अर्धवट गोष्टींचे कागद मागून घेतले आणि पोरीसारखं अक्षरांवर बोट फिरवत वाचू लागली. थेंबाच्या शेवटच्या 'तो'वर बोट थांबलं. पुढे काय होतं, तिने विचारलं. अजून ठरलं नाही, मी म्हटलं. ती म्हणाली, ठरवू नका.

तिने कागद एकावर एक नीट जुळवले.

"खरं सांगू? ती 'आम्ही' म्हणायची ना, तेव्हा मला बरं वाटायचं. दार उघडेपर्यंत दोघी असायच्या."

मलाही, मी म्हटलं. हे आम्ही एकमेकींना पहिल्यांदाच सांगत होतो.

जिन्यात पावलं वाजली. मग दार.

"कोण आहे?" मी सवयीने विचारलं.

बाहेर काहीच हललं नाही. चुकून वाजलं असेल असं वाटण्याइतका वेळ गेला.

"मी."

वहिनीच्या हातातले कागद मांडीवर निसटले. ती उभी राहिली. तिने काय ऐकलं ते मला समजलं, कारण मीही तेच ऐकलं होतं. दोघींत भागवलेला तो एकच आवाज. आम्ही म्हटलं की दोघी असायच्या. पण हे 'मी' कोणाचंही असू शकत होतं.

वहिनी दाराजवळ गेली. मुलांशी बोलताना आपला आवाज बदलतो, तसा तिचा बदलला नाही. खरंच माहीत नसलेलं विचारावं तसं तिने विचारलं.

"मी कोण?"

माझ्या सगळ्या मुखपृष्ठांवर हे दोन शब्द आहेत.

बाहेरून उत्तर आलं. मोठ्यांनी वेड्यासारखं काही विचारलं की पोरं देतात तसं, जरा कंटाळून.

"मीच. दुसरी कोण असणार?"

वहिनीने कडीवर हात ठेवला. काढली नाही. तिचे खांदे हलू लागले तसा तिने दुसरा हात तोंडावर दाबून धरला. मी जागची उठले नाही.

"आई," बाहेरून पुन्हा आवाज आला, या वेळी फार हळू. "तू रडतेस का?"

"नाही," वहिनी म्हणाली. ओल्या हाताने तोंड पुसलं, आणि मग कडी काढली.