कामाशिवाय बोलायचं नाही

ज्योत्स्नाला स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. गडचिरोलीच्या एका ज्युनिअर कॉलेजात ती भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होती. मुलांचे प्रयोग चालू असले की ही बाकांमधून येरझारा घालायची. घरी चहासुद्धा उभ्यानंच प्यायची. नवरा सुरेंद्र एसटीच्या आगारात मेकॅनिक. तो म्हणायचा, "तुह्या पायाले चाकं लावली देवानं, ब्रेक लावाचा राहून गेला."

या चाकांना रस्ता मिळाला तो वायरलेसमुळे. पावसाळ्यात नदीनाले भरले की रस्ते बंद पडत, कित्येक गावांत मोबाईलची रेंज मुळातच नाही. मग कोण आजारी, कोण अडकलं, हे पाणी उतरल्यावर कळायचं. म्हणून गडचिरोली आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या काही जणांनी परीक्षा देऊन परवाने काढले, पोलीस ठाण्यात रीतसर नोंदी केल्या आणि जिवतीच्या टेकडीवर रिपीटर बसवला. एका सेटवरचा आवाज उचलून तो दूरदूरच्या सेटवर पोचवायचा. त्याची देखभाल जिवतीचा धनराज करायचा. त्याची तिथं पिठाची गिरणी होती. वैनगंगेच्या काठी एका धीवरांच्या गावात प्रिया नावाची सून होती. अहेरीच्या पलीकडे जंगलात सुकरी होती, माडिया आदिवासींच्या गावातली आशा सेविका. तिच्या घरामागं बांबूवर अँटेना बांधलेली. आणखीही माणसं होती. पगार कुणालाच नव्हता. रोज सकाळी ज्योत्स्ना हजेरी घ्यायची आणि एकेक जण आपापल्या गावाहून 'ठीक आहे' म्हणायचा.

जुलैत पूर आला तेव्हा या हजेरीचं चीज झालं. पण एक गोष्ट ज्योत्स्नाच्या मनाला लागली. वायरलेसवर एका वेळी एकालाच बोलता येतं. त्या सकाळी सुकरी आपल्या गावातल्या एका तापानं फणफणलेल्या लेकरासाठी बोट मागत होती, आणि नेमकी तेव्हाच प्रियाची सासू गोकुळाबाई सुनेच्या हातातला सेट घेऊन कुणाला तरी सांगत होती की चुलीत पाणी शिरलं, आता भात कशावर रांधू. सुकरीचा आवाज मधेच तुटायचा. निरोप पुरता कळायला बराच वेळ गेला. लेकरू वाचलं, पण पाणी उतरल्यावरही ज्योत्स्ना ती सकाळ विसरली नाही.

पूर सरला तरी गोकुळाबाईचं बोलणं काही थांबलं नाही. सुकरीशी तिचं चांगलंच सूत जमलं होतं. दुपारी दोघींच्या गप्पा रंगत. तळ्यात मासोळी किती, सुकरीच्या गावात धान कसं, कुणाच्या घरी पाहुणे आले. प्रिया शेजारी बसून सेट सांभाळायची आणि हसायची. एका दुपारी ज्योत्स्ना मधेच बोलली.

"गोकुळामावशी, हा काही मोबाईल नाही. उद्या कुणाचा जीव अडकला असेल तर? आजपासून कामाशिवाय कुणी बोलायचं नाही."

गोकुळाबाई म्हणाली, "बरं, मॅडम." एरवी ती ज्योत्स्नाला पोरी म्हणायची.

नियम सगळ्यांनी पाळला. इतका पाळला की दिवाळीपर्यंत दुपारी सेटवर खरखरीशिवाय काही ऐकू येईना. मग सकाळची हजेरीही विरळ व्हायला लागली. कुणाची बॅटरी उतरलेली, कुणी धान कापायला गेलेला, कुणी सेट कपाटात ठेवून विसरलेला. ज्योत्स्ना नाव घ्यायची, थांबायची, पुन्हा घ्यायची. कॉलेजात भिंगं पुसताना तिला वाटायचं, आत्ता कुणी हाक मारली असेल आणि ऐकायला कुणीच नसेल. भाजी चिरता चिरता ती उठून सेटची बटणं तपासायची. सुरेंद्र म्हणाला, "काही झालं नाई हे चांगलंच होय ना?" तिला ते पटत होतं आणि तरी पटत नव्हतं.

जानेवारीत तिनं कुणाला न सांगता सराव घेतला. एका सकाळी हजेरी सोडून तिनं थेट निरोप दिला, की रिपीटर बंद पडायच्या बेतात आहे, टेकडीवर ताबडतोब कुणी जावं. किती जण जागे आहेत ते तिला पाहायचं होतं. जागा होता एकटा धनराज. तो गिरणी तशीच सोडून मोटरसायकलवर निघाला आणि टेकडीच्या वळणावर गिट्टीवरून घसरला. उजवा हात मनगटाजवळ मोडला.

ज्योत्स्ना दुसऱ्याच दिवशी एसटीनं जिवतीला गेली. धनराज ओसरीवर प्लास्टर घालून बसला होता. निरोप खोटा होता, नुसता सराव होता, हे तिनं आधी सांगून टाकलं. "होते असं, मॅडम. तुमी मुद्दाम थोडीच पाडलं मले," म्हणाला. पण त्याची बायको करिष्मा आत-बाहेर करत होती. गिरणीतल्या पोत्यांना तिलाच हात लावावा लागत होता. पाण्याचा तांब्या ठेवताना ती म्हणाली, "बाई, एक सांगू? कोनाले काही होत नाई म्हनून तुमाले चैन पडून नाई राह्यली. आमच्या घरच्याले झालं आता. पडली का चैन?"

"करिष्मा," धनराज म्हणाला.

"बोलू द्या त्यांना," ज्योत्स्ना म्हणाली. ती उठली आणि करिष्मासोबत गिरणीत गेली. संध्याकाळची एसटी येईपर्यंत तिनं दळणाचे डबे उचलून दिले. करिष्मानं नको म्हटलं नाही, आभारही मानले नाहीत.

परतीच्या प्रवासात खिडकीशी डोकं टेकून ती बसली, पण डोळा लागला नाही. त्या आठवड्यात रविवारी ती वैनगंगेकाठच्या गावी गेली. गोकुळाबाई अंगणात विळीवर मासोळ्या साफ करत होती. प्रियानं खुर्ची आणली. ज्योत्स्ना तिच्यावर न बसता जमिनीवर टेकली.

"मावशी, सेट कुठं आहे?"

"ठेवला पेटीत. बोलाचं नाई तं त्या डब्याले रोज चार्जिंग कायले पाजू?"

"माझं चुकलं."

गोकुळाबाईनं एक मासोळी साफ केली, दुसरी उचलली. "मी काई येडी नाई, पोरी. पुरात मी मधात बोलली, ते चुकलंच माह्यं. पन पूर काय बारा महिने राह्यते? सुकरीच्या गावात तिले मनातलं बोलाले कोनी नाई, नवरा कामाले तेलंगणात. माह्याशी बोलून तिचं मन मोकळं होये. आन माह्यंबी."

"मग बोला आता. पण दर दोन वाक्यांनी थांबायचं. कुणाला मधे शिरायचं असेल तर शिरता आलं पाहिजे."

"थांबतो ना. श्वास घ्याले थांबाच लागते मानसाले."

त्या दिवसापासून दुपार सगळ्यांसाठी मोकळी केली. आधी दोघीच बोलायच्या. मग धनराज डाव्या हातानं सेट धरून जिवतीच्या थंडीच्या गोष्टी सांगायला लागला. वाघ कुठं दिसला, कोणत्या रस्त्यावर झाड पडलं, कुठली बस आलीच नाही, हे सगळं त्या बोलण्यात यायचं. सेट पेट्यांतून बाहेर आले, बॅटऱ्या भरलेल्या राहायला लागल्या. ज्योत्स्नाला मात्र त्या गप्पा ऐकताना अजूनही हातपाय हलवावेसे वाटायचे. कुणी लांबण लावली की ती खोलीभर फिरायची. पण मधे बोलायची नाही.

मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम लागला. सुकरी पहाटे जंगलात जायची, दुपारी येऊन पानांचे पुडे बांधायची आणि बांधता बांधता गोकुळाबाईशी बोलायची. एका दुपारी ज्योत्स्ना सुट्टीत घरीच होती. सेटवर गोकुळाबाईचा आवाज आला.

"पोरी, सुकरी आज बोलली नाई."

"पानं जास्त असतील. दमली असेल."

"दमली तं दमली म्हनून सांगते ते. कालच म्हने, उद्या तुले माह्या पोराच्या लग्नाचं सांगतो. लग्नाची गोष्ट सोडून बाई झोपते का? काहीतरी झालं."

ज्योत्स्नानं सुकरीला हाक मारली. तीनदा मारली. खरखर. एवढ्यावरून कुणाला धावायला लावायचं? धनराजचं मोडलेलं मनगट तिच्या डोळ्यांपुढं आलं. ती दारापर्यंत गेली, परत आली. मग तिनं सुरेंद्रला फोन लावला. "अहेरीहून त्या बाजूला जाणारी दुपारची गाडी असते ना? त्या कंडक्टरला सांगा, सुकरीच्या गावाच्या फाट्यावर थांबून नुसती चौकशी करा. कुणी घाई करू नका. नुसतं विचारा."

कंडक्टरचा फोन रेंजमध्ये आल्यावरच आला. फाट्यावर विचारावं लागलंच नव्हतं. गावातली माणसं सुकरीला खाटेवर घालून तिथंच उभी होती. पानं तोडताना अस्वलानं तिला धरलं होतं. जबडा आणि एक कान फाटला होता, रक्त थांबत नव्हतं. गाडी फाट्यावर एरवी थांबत नसे. कुणी हात दाखवला तरी भरलेली असली की निघून जायची. घरात सेट होता, पण सुकरीवाचून तो कुणाला चालवता येत नव्हता. कंडक्टरनं तिला गाडीत घेतलं होतं. ज्योत्स्नानं रुग्णवाहिकेला फोन करून एसटीच्या वाटेवर पाठवलं, आणि पुढचा प्रवास सुकरीनं तिच्यात केला.

डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. ज्योत्स्ना गडचिरोलीच्या दवाखान्यात रोज जायची. गोकुळाबाई प्रियासोबत मासोळीचा रस्सा घेऊन आली. सुकरीला चावता येत नव्हतं, तोंड बांधलेलं होतं. गोकुळाबाई खाटेशी बसून बोलतच राहिली, आणि सुकरी डोळ्यांनी हो-नाही करत राहिली. ज्योत्स्ना त्या दोघींजवळ घटकाभर स्टुलावर बसली, मग पाणी आणायच्या निमित्तानं उठली.

जूनमध्ये सुकरी गावी गेली. तिची नणंद बुधरी सेट चालवायला शिकली. परवाना येईस्तोवर ती सुकरीच्या देखरेखीखाली बोलते. ज्योत्स्नानं प्रत्येक गावात दुसरं माणूस तयार करायचं मनावर घेतलंय आणि त्यासाठी ती सारखी एसटीत असते. करिष्मानंही नाव दिलं आहे. "याचा हात पुन्हा मोडला तं कोन बोलन?" एवढंच म्हणाली.

सुकरीचा जबडा अजून नीट मिटत नाही. तिचे शब्द ओले, अर्धे येतात. पहिल्या दुपारी ती बोलली तेव्हा ज्योत्स्नाला त्यातलं काहीच कळलं नाही. पुन्हा सांग म्हणावं की नाही, या विचारात ती सेट हातात धरून खोलीत फिरत होती. तेवढ्यात गोकुळाबाई बोलली.

"ते म्हनते, पोरगी पसंत आहे, पन पोरीचा बाप लय बोलते."

सेटवर सुकरीच्या हसण्यासारखं काहीतरी आलं. लगेच दुखल्यामुळं कण्हणंही आलं. मग गोकुळाबाई, ठरल्याप्रमाणे, थांबली.