ब्रँडीतली कोळंबी

"घ्या उस्ताद, घ्या वास," म्हणत मासेवाल्याने कोळंबीच्या पेटीचं झाकण उचललं आणि तो बाजूला झाला.

उस्ताद, हॉटेलचे मुख्य स्वयंपाकी, पेटीवर वाकले. त्यांनी डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला. तेवीस वर्षं हॉटेलच्या मागच्या दारात रोज सकाळी हा सोहळा चालत आला होता. भांडी घासणाऱ्या बायकासुद्धा हातातलं काम थांबवून बघत. उस्तादांनी मान हलवली की पेटी आत. नाक मुरडलं की पेटी आल्या वाटेने परत, मग मासेवाला कितीही शपथा घेवो.

आज बर्फाचा गारवा तेवढा नाकाला झोंबला. बाकी काही नाही. दोन महिन्यांपूर्वी आठवडाभर ताप आला होता. तो गेला, पण जाताना वास घेऊन गेला. तेव्हापासून कांदा काय आणि फिनेल काय, उस्तादांना सगळं सारखंच.

"आज फार वेळ लावलात," मासेवाला म्हणाला. "पूर्वी झाकण उघडायच्या आत कळायचं तुम्हाला."

"पूर्वी तू बरा माल आणायचास."

"मग परत नेऊ?"

असं त्याने कधी विचारलं नव्हतं. पेटी परत न्यायची म्हटलं की तासभर हुज्जत घालणारा माणूस हा. याला कळलंय की काय?

"ठेव आत," ते म्हणाले.

"ठेवतो. पण उकाडा फार आहे हं. जपा." एवढं बोलून तो निघूनही गेला.

त्या 'जपा'ने उस्तादांचं डोकं पोखरायला घेतलं. इतके दिवस त्यांनी डोळ्यांवर आणि बोटांवर निभावून नेलं होतं. ही गोष्ट ठाऊक होती फक्त बायकोला, आणि तीही नाइलाजाने. घरी एकदा शेगडीवर दूध करपून पातेलं काळंठिक्कर पडलं, स्वयंपाकघरात धूर झाला, आणि हे शेजारच्या खोलीत निवांत पेपर वाचत बसलेले. "सांगून टाका हो एकदा तिथे," ती म्हणाली होती. "सांगून काय करू? तुझ्यासमोर बसून भाजी निवडू?" असं फटकारून त्यांनी तिला गप्प केलं होतं.

पण आज दुपारी लेक जेवायला येणार होती. पोटाचं ऑपरेशन होऊन दीड महिना पोरगी पेज आणि उकडलेल्या भाज्यांवर होती. काल डॉक्टरांनी पथ्य सोडलं, आणि तिने दवाखान्याच्या पायरीवरूनच फोन केला होता. "बाबा, मला तुमची ब्रँडीतली कोळंबी पाहिजे. सासूबाईंनाही घेऊन येते. त्यांना एकदा कळू दे, मी कोणाची मुलगी आहे ते."

उस्ताद स्वतः कोळंबी सोलायला बसले. पहिल्या पाच-सहा ठीक निघाल्या. मग एकीचं डोकं काळपट दिसलं. पुढची बोटांतून सुळकन निसटली. हे बर्फाचं पाणी की बुळबुळीतपणा? त्यांनी हात धुतले, पुन्हा चाचपलं. दर वेळी वेगळंच वाटायला लागलं. ब्रँडी आणि क्रीमखाली वाटेल ते झाकलं जातं. पारख करायची ती आधी, रसात पडल्यावर उशीर झालेला असतो, हे त्यांनीच ठसकाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

ठसका म्हणजे त्यांच्या हाताखालची स्वयंपाकीण. इतकी भराभर बोलायची की दर चौथ्या वाक्याला तिला ठसका लागायचा. आठ वर्षं ती उस्तादांचा शब्द झेलत आली होती.

"ठसका, सांग बघू, कशी आहे कोळंबी?" त्यांनी परीक्षा घेतल्यासारखं विचारलं.

"तुम्ही घेतलीत ना? मग झालं तर!" तिने कांद्यावरची मानसुद्धा वर केली नाही.

आजवर हीच शाबासकी उस्तादांना पुरत असे, आज पुरली नाही.

तेवढ्यात वेटर आत डोकावला. "उस्ताद, तुमच्या ताई आल्यात. पाच नंबरला बसवलंय. भूक लागलीय म्हणतात."

दाराच्या काचेतून त्यांनी पाहिलं. लेक अर्ध्याने वाळली होती, ड्रेस अंगावर लोंबत होता. सासूला हातवारे करून काहीतरी सांगत होती आणि सासू कौतुकाने ऐकत होती. उस्तादांचा जीव थोडा थोडा झाला. या पोटाला आता काही झालं तर?

ते शेगडीपाशी परतले. तव्यात लोणी विरघळून फेसाळलं. त्यांनी मूठभर कोळंबी उचलली आणि हात तसाच थांबला.

"ठसका, इकडे ये. मला वास येत नाही."

"कसला?"

"कसलाच नाही. दोन महिने झाले."

कांदा कापायचा आवाज थांबला. भांडी घासणाऱ्या बायकांनी नळ बंद केला. आणि दारात, ऑर्डरची चिठ्ठी हातात घेऊन, हॉटेलच्या मालकीणबाई उभ्या होत्या.

ठसका आली. वाडग्यावर वाकली, दोनदा श्वास घेतला. एक कोळंबी मोडून नाकाशी धरली. उस्तादांनी तव्याखालची आच बंद केली.

"ताजी आहे," ती हळूच म्हणाली. "एक नंबर माल आहे, उस्ताद."

म्हणजे मासेवाल्याने चोख माल दिला होता. उस्ताद गप्प राहिले असते तरी काही बिघडलं नसतं. लेक पोटभर जेवली असती आणि उद्या सकाळी पुन्हा सोहळा झाला असता.

"दोन महिने?" मालकीणबाईंनी विचारलं.

"हो."

त्या चिठ्ठी खिळ्याला अडकवत म्हणाल्या, "आत्ताचं होऊ द्या. चार वाजता मला भेटा."

उस्तादांनी आच पुन्हा लावली. कोळंबी दोन्ही बाजूंनी परतून काढून ठेवली. तव्यात ब्रँडी ओतली, तवा कलता केला, आणि भपकन जाळ उठला. तो आपोआप विझला. आता दारूचा उग्रपणा उडून गेला की क्रीम घालायचं. दोन महिने हे काम ते मनात आकडे मोजून उरकत होते. आज त्यांनी मोजलं नाही. ठसका न सांगता शेजारी येऊन उभी राहिली होती.

"गेला का गं?" त्यांनी विचारलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"अजून नाही. थांबा."

क्रीमचं भांडं हातात धरून उस्ताद तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"आता घाला," ती म्हणाली.

त्यांनी घातलं.