घसरून पडलेल्या बायका

त्या वस्तीत बाळंतपणात कधी कुणी बाई दगावलीच नव्हती. जी गेली ती घसरून पडून गेली. कुणी विहिरीवर घसरली, कुणी उंबऱ्यात, तर कुणी चांगल्या कोरड्या ठणठणीत अंगणात! बाहेरून कुणी विचारायला आलं की हेच उत्तर, आणि ते सगळ्यांना पढवलं होतं हवालदारणीनं.

हवालदारीण म्हणजे कुणी पोलीस नव्हे बरं. पोती शिवण्याच्या शेडमधली सगळ्यात जुनी बाई. तोंडावर सगळे तिला मावशी म्हणत, पाठीमागे हवालदारीण. जंगलातून उठवून या माळावर आणून टाकलेल्या त्या आदिवासी माणसांना तिचा मोठा आधार होता, आणि धाकही.

त्या दुपारी ती दारात बसून दाभणानं पोतं शिवत होती. आत धाकटी लेक भिंतीला टेकून बसलेली. पोटुशी होती, दिवस भरत आले होते. तेवढ्यात सून येऊन समोर बसली.

"आई, आज आपल्या घराची पाळी."

"कसली गं?"

"विचारायची. बायका बाळंतपणात का जातात ते वस्तीतल्या आम्ही बायकाच शोधतोय ना? प्रश्न आमचे आणि उत्तरंही आमच्याच ताब्यात. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई फक्त मदतीला."

"अगं बाई! घरच्या घरात चौकशी? मग चहाही पाहुणीसारखा मागशील."

सून हसली नाही. "थोरल्या वन्सं कशा गेल्या?"

"घसरून पडली. माहीत नाही होय तुला?"

"हे मी मानणार नाही, आई."

"सासूला खोटी ठरवतेस? जीभ फार लांब झाली तुझी!"

"होऊ दे. घरोघरी आधी हेच ऐकलं. मग दार लोटून, रडत रडत बायकांनी खरं सांगितलं. गेलेल्या प्रत्येकीचं आधी डोकं ठणकत होतं, तोंड सुजलं होतं, नजर धूसर झाली होती. डॉक्टरीणबाई म्हणतात, हे रक्तदाबाचं दुखणं. वेळेत नेलं तर बाई वाचते. बहिणीला झालेलं असलं तर दुसरीला धोका जास्त. म्हणून विचारते, थोरल्या वन्संचं डोकं दुखत होतं का?"

म्हातारीचा टाका चुकला. तिला आठवली ती स्वतः, परकरातली पोर. आई बाळंतपणात गेली तेव्हा शहरातून आलेल्या साहेबांनी गोड बोलून विचारलं होतं, आणि तिनं भाबडेपणानं सगळं खरं सांगून टाकलं होतं. मग गाडी आली. बिनआईची लेकरं सांभाळायची या लोकांची लायकी नाही, असं म्हणून साहेबांनी तान्ह्या भावाला उचलून नेलं. तो पुन्हा दिसला नाही. आपल्या जिभेनं भाऊ गेला, हे तिच्या मनातून कधी गेलंच नाही. म्हणून तर पुढं जी बाई गेली ती घसरली.

"तुला काय कळतंय," ती कशीबशी म्हणाली. "खरं बोललं की ते पोरं नेतात."

तेवढ्यात आतून धाकटीचा आवाज आला. "वहिनी, दिवा लावा ना. काही दिसेनासं झालंय."

बाहेर रखरखीत ऊन होतं.

सून धावली. धाकटीचं तोंड सुजलं होतं, डोकं दोन्ही हातांत गच्च धरलेलं. सकाळी तिनं डोकं दुखतंय म्हटलं होतं, आणि आईनं "ऊन लागलं असेल, पड जरा" म्हणून उडवून लावलं होतं.

"हेच!" म्हातारीच्या हातातलं दाभण गळून पडलं. "थोरलीचं हेच झालं होतं गं! दिवाच मागत होती माझी पोर! मग झटका आला आणि गेली. घसरली नाही ती! ऊठ, पोत्यांचा टेम्पो थांबव, बघत काय बसलीस!"

दवाखान्यात नर्सनं विचारलं, "घरात याआधी कुणी बाळंतपणात गेलंय?" म्हातारीच्या डोळ्यांपुढे ती गाडी उभी राहिली. तिनं सुनेचा हात घट्ट धरला.

"हो. माझी आई गेली. माझी थोरली लेक गेली, अशीच. आता हिला वाचवा."

धाकटी वाचली. बाळ मात्र हाती लागलं नाही. सकाळीच आणली असती तर कदाचित दोघंही राहिली असती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

परत आल्यावर म्हातारी सुनेबरोबर वस्तीतल्या पहिल्या दाराशी जाऊन बसली. "पोरींनो, आता कुणी घसरायचं नाही," ती म्हणाली. "खरं सांगायचं. पण आपल्या माणसांपाशी, आणि त्याचं पुढं काय करायचं तेही आपणच ठरवायचं." बोलता बोलता ती रडायला लागली, आणि भोवती जमलेल्या बायकाही.

वाचकहो, ही माणसं खोटं का बोलतात, असं आपण फार सहज विचारतो. त्यांचं खरं ऐकून आपण त्यांच्या घरातून काय उचलून नेलं, हे आपल्याला कोण विचारणार?