मास्तरांचं मत

सरकारी दवाखाने एका खासगी कंपनीला चालवायला द्यायचे, हे विधेयक मतदानाला आलं तेव्हा सभागृहात कोण कुठे झुकेल याचा कुणालाच भरवसा नव्हता. कार्यवृत्त लिहिणारी बाई होकाराच्या दालनात टेबलाशी बसली होती. विधेयक हवं असेल त्यांनी या दालनातून जायचं, नको असेल त्यांनी पलीकडच्या. टेबलापाशी थांबून स्वतःच्या तोंडाने नाव सांगायचं. नाव सांगितलं की मत झालं, आणि कार्यवृत्तात ते कायमचं बसलं.

बाईची थोरली बहीण त्यातल्याच एका दवाखान्यात परिचारिका होती. कंपनी आली की निम्म्या परिचारिकांना नारळ मिळणार, हे तिथल्या झाडूवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. "चिमे, संध्याकाळी काय झालं ते आधी मला कळव हं," असं ताईने फोनवर बजावलं होतं.

रांगेच्या शेवटी मास्तर आले. एके काळी शाळेत शिकवायचे, म्हणून आमदार झाले तरी सगळ्यांचे मास्तरच राहिले. चेहरा पांढराफटक, शर्टाची कॉलर घामाने भिजलेली. त्यांच्या मागे सत्ताधाऱ्यांचा प्रतोद. आपल्या पक्षाचं मत इकडचं तिकडे होऊ नये याची राखण करणं हेच त्याचं काम. त्याचा हात मास्तरांच्या पाठीवर होता.

"नाव सांगा," बाई म्हणाली.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. "नको," ते म्हणाले, आणि टेबलाची कड धरायला गेले ती हाती लागलीच नाही. धाडकन खाली आले.

एकच धावपळ उडाली. कुणी पाणी आणलं, कुणी कॉलर सैल केली, कुणी नुसताच ओरडत राहिला. स्ट्रेचरवरून त्यांना नेलं तोवर मतदानाची वेळ संपली होती. मोजणी झाली आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दोन्ही बाजू बरोबरीत. मास्तरांचं मत तेवढं धरायचं राहिलं होतं.

सचिवांच्या खोलीत बाईला बोलावणं आलं. प्रतोद येरझाऱ्या घालत होता, विरोधी पक्षनेते खुर्चीत अगदी पुढे सरकून बसले होते.

"मास्तर होकाराच्या दालनात स्वतःच्या पायांनी आले," प्रतोद म्हणाला. "यात विचारण्यासारखं काय आहे?"

"स्वतःच्या पायांनी? तुम्ही ढकलत आणलंत त्यांना!" नेते उसळले. "आणि स्पष्ट 'नको' म्हणाले ते."

प्रतोद बाईकडे वळला. आवाज एकदम मऊ झाला. "मॅडम, त्या गडबडीत तुम्हाला नीट ऐकू तरी आलं का? माणूस पडताना काहीही पुटपुटतो. नाव सांगितलं असेल त्यांनी. नोकरी अजून बरीच बाकी आहे तुमची, उगाच कशाला अंगावर ओढून घेता?"

"घाबरू नका," नेते म्हणाले. "विरोधात मत दिलं, एवढंच लिहा. किती परिचारिकांचे संसार वाचतील, विचार करा."

नेते बाईच्या मनातलंच बोलत होते. एक ओळ, आणि ताईची नोकरी शाबूत. तिलाही वाटत होतं की मास्तर विधेयकालाच नको म्हणाले. अगदी आतून वाटत होतं, आणि नेमकी त्याचीच तिला भीती वाटली. पाठीवरचा हात नको असेल. नाव विचारणंच नको असेल. छातीतली कळ असेल.

तिने लिहिलं: 'सदस्य टेबलापाशी आले. त्यांना नाव विचारले असता "नको" असे म्हणून ते खाली कोसळले. त्यांनी नाव सांगितले नाही.'

सचिवांनी वाचलं. "काय नको?"

"ते त्यांनी सांगितलं नाही, साहेब."

प्रतोदाने तिच्याकडे असं पाहिलं की तिने नजर टेबलावरून वर उचललीच नाही.

अध्यक्षांनी निर्णय दिला. नाव सांगितलं नाही, म्हणजे मत झालं नाही. मतं समसमान पडली की अध्यक्षांनी आपलं मत द्यायचं असतं. त्यांनी ते होकाराला दिलं. विधेयक मंजूर झालं. बाकं वाजली. ती ओळही बाईनेच लिहिली, आणि अक्षर जरासुद्धा हललं नाही याचं तिला स्वतःलाच वाईट वाटलं.

ताईला तिने सगळं सांगितलं, काही न लपवता.

"एक शब्द होता, चिमे. तुझ्या हातात होता," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर ताईने अबोला धरला. आई मध्ये पडून थकली. ऑफिसमध्ये बाईला सभागृहातून काढून जुन्या दप्तरांच्या खोलीत बसवलं. कारण कुणी सांगितलं नाही. ताईच्या हातातही नोकरी संपल्याचं पत्र पडलं, महिनाअखेरची मुदत देऊन.

मग एका दुपारी ताईचाच फोन आला. "मास्तर माझ्याच वॉर्डात आहेत. आता बोलायला लागलेत. तुला बोलाव म्हणतायत."

बाई गेली. मास्तर उशीला टेकून बसले होते, निम्मे उरले होते. ताई सलाइनची नळी बघत पाठमोरी उभी होती.

"काय लिहिलंस ते मला वाचून दाखव," मास्तर म्हणाले.

तिने ओळी म्हणून दाखवल्या. त्या तिला पाठच होत्या.

मास्तरांनी डोळे मिटले. ताई मात्र वळली. तिला राहवेना. "मास्तर, तुम्ही विधेयकालाच नको म्हणालात ना?"

"खरं सांगू, पोरी? मला दारातून आत आल्याचंही आठवत नाही." त्यांना धाप लागली. थोडं थांबून ते म्हणाले, "दोन्हीकडची माणसं इथे येऊन गेली. मी काय म्हणालो, ते मलाच समजावून सांगत होती. दोघांचंही खरं वाटायला लागलं होतं मला. म्हणून हिला बोलावलं."

ताईने उशी सरळ केली, चादर ओढली, तक्त्यावर औषधाची वेळ मांडली. मग बाईजवळून जाताना क्षणभर थांबली.

"माझी ड्यूटी आत्ता सुटेल," ती म्हणाली. "थांब. बरोबर घरी जाऊ."