हौतालांच्या टाकीचा काटा

जूनपासून अर्लीन हौतालाने गॅस कंपनीला अकरा फोन केले होते. अकराही वेळा आधी दहा मिनिटं पियानो वाजला, मग रेकॉर्डवरच्या बाईने ‘तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असं सांगितलं, आणि शेवटी ब्रिएल नावाची मुलगी फोनवर आली.

‘‘बाई, टाकी भरायची आहे ना? मग मी टँकरच पाठवते.’’

‘‘भरायची तर आहेच गं. पण आधी टाकीत गॅस किती उरलाय ते दाखवणारा काटा बदला. आमचा काटा अडकतो, हे मी तुला जूनपासून सांगतेय.’’

‘‘इथे तशी नोंद दिसत नाहीये.’’

‘‘मग कर ना नोंद!’’

ब्रिएलने नोंद केली. तिने ती दर वेळी केली होती.

बाहेर ऑगस्ट महिना होता, थिंबलबेरीची झुडपं फळांनी लाल झाली होती, लोक सरोवरात पोहत होते. अशा दिवसांत घर गरम ठेवण्याच्या गॅससाठी कोणी एवढा आटापिटा करत असेल असं बघणाऱ्याला वाटलं नसतं. पण उत्तर मिशिगनमध्ये जी कामं उन्हाळ्यात होतात तीच होतात. एकदा नोव्हेंबर लागला की टँकरला रस्ता मिळत नाही, माणूस मिळत नाही, आणि फोनवर नुसता पियानो मिळतो. अर्लीनने मागच्या जानेवारीत त्याची चव घेतली होती.

तेव्हा तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. नव्वद मैलांवर मार्क्वेटच्या दवाखान्यात ती आठ दिवस पडून होती आणि रोज संध्याकाळी नवऱ्याला फोन करत होती.

‘‘काटा बघितलास?’’

‘‘बघितला. चाळीसवर आहे,’’ ऑर्विल सांगायचा.

सहाव्या दिवशीही टाकी चाळीस टक्के भरलेली होती, आणि सातव्या दिवशी पहाटे घरातली भट्टी विझली. बाहेर शून्याखाली पंचवीस. कंपनीने सांगितलं, थंडीची लाट आहे, तीन दिवस लागतील. ऑर्विलने बायकोला काही कळवलं नाही. घोंगडी, रेडिओ आणि सॉसेजचा डबा घेऊन तो अंगणातल्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, जाऊन राहिला. सौनाची शेगडी लाकडावर चालते, म्हणून तो वाचला. घराला शेगडी नव्हती. नळ फुटले, स्वयंपाकघराची जमीन पाण्याने फुगली आणि मग त्याच पाण्याचा बर्फ झाला. अर्लीनला दवाखान्यातून घरी यायचं होतं, त्याऐवजी ती वॉकर घेऊन बहिणीकडे गेली आणि थेट मार्चमध्ये घरी आली.

‘‘काटा अडकला होता,’’ ऑर्विलने सगळ्यांना सांगितलं. ‘‘चाळीसवर अडकून बसला मेला. मी काय करणार?’’

अर्लीनला ते पटलं होतं. न पटायचं कारण नव्हतं. पन्नास वर्षं ती या माणसाबरोबर राहत होती. तो हट्टी होता, कंजूष होता, पण खोटं बोलणारा नव्हता. म्हणून तिचा सगळा राग कंपनीवर निघाला. वय वर्षं एकाहत्तर, सव्वीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. ती एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की सोडत नसे.

जुलैत दोनदा माणूस यायचं ठरलं. पहिल्यांदा मेकॅनिकऐवजी भरलेला टँकरच आला. ड्रायव्हरने टाकीभोवती वाढलेली झुडपं बघितली, म्हणाला, एवढ्या रानात मी नळी लावणार नाही, आणि निघून गेला. अर्लीनने खुबा सांभाळत, बादलीवर बसून दोन दिवसांत झुडपं तोडली. दुसऱ्यांदा मेकॅनिक आला खरा, पण त्या रस्त्यावर हौताला आडनावाची पाच घरं होती. तो भलत्याच हौतालांकडे गेला आणि त्यांचा चांगला काटा बदलून आला.

‘‘सोड ना आता,’’ ऑर्विल म्हणाला. ‘‘कशाला त्या पोरीच्या मागे लागलीस? टाकी भरून घे आणि मोकळी हो.’’

‘‘आणि जानेवारीत पुन्हा सौनात राहायला जाऊ? या खेपेला मीही येते, दोघं मिळून सॉसेज खाऊ.’’

‘‘मी लक्ष ठेवतो म्हटलं ना.’’

‘‘अडकलेल्या काट्यावर काय लक्ष ठेवणार तू?’’

त्यावर तो शेडमध्ये निघून गेला. त्या उन्हाळ्यात तो फार वेळा शेडमध्ये जायचा.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात एका मंगळवारी क्लेटन नावाचा मेकॅनिक बरोबर त्यांच्याच घरी आला. पन्नाशीचा, शांत, अंगाने भरलेला माणूस. घरामागे चार पायांवर आडवी ठेवलेली ती लांबोडकी पांढरी टाकी होती, तिच्या पाठीवरचं घुमटासारखं झाकण त्याने उचललं. आत वाटीएवढी तबकडी होती.

‘‘पंधरावर आहे,’’ तो म्हणाला.

‘‘आज असेल पंधरावर. उद्या अडकेल.’’

त्याने वाद घातला नाही. दोन स्क्रू काढून तबकडी बाहेर घेतली, खिशातलं लोहचुंबक तिच्याखाली फिरवलं. काटा लोण्यातून सुरी फिरावी तसा सरसर फिरला. मग त्याने खोक्यातून कोरी तबकडी काढून बसवली. तिनेही पंधरा दाखवलं.

‘‘बाई, किटलीभर गरम पाणी मिळेल?’’

तिने पाणी आणून दिलं. त्याने ते टाकीच्या अंगावरून वरून खाली ओतलं आणि म्हणाला, ‘‘आता हात फिरवा. वर ऊन लागेल. जिथे एकदम गार लागेल, तिथपर्यंत गॅस.’’

अर्लीनने हात फिरवला. टाकीचं पोट जवळजवळ संपेपर्यंत पत्रा ऊन होता. पार तळाशी गार लागला.

‘‘तुमचा काटा ठणठणीत आहे,’’ क्लेटन म्हणाला. ‘‘नवा मी बसवलाय, तो राहू दे. रेग्युलेटर जुना झालाय, तो बदलतो. साबणाचं पाणी लावून सांधेही बघतो. पण जानेवारीत काट्याने तुम्हाला फसवलं असं मला वाटत नाही.’’

‘‘म्हणजे माझा नवरा खोटं बोलला?’’

‘‘तसं मी कुठे म्हटलं?’’ तो गडबडीने म्हणाला आणि पाना शोधायला लागला.

अर्लीनच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. अकरा फोन. ती झुडपं. त्या ब्रिएलला तिने काय काय ऐकवलं होतं! ती शेडच्या दिशेने वळून ओरडली, ‘‘ऑर्विल! इकडे ये. आत्ताच्या आत्ता!’’

ऑर्विल आला. चौऱ्याहत्तरीतही ताठ चालायचा, टोपी डोळ्यांवर ओढलेली.

‘‘काटा वाच.’’

‘‘हा माणूस आहे ना वाचायला?’’

‘‘तू वाच.’’

त्याने झाकण उचललं, वाकला, नेहमीसारखं हुं केलं. ‘‘चाळीस. बेचाळीस असेल.’’

क्लेटन स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. अर्लीनला आधी वाटलं, ऑर्विल मुद्दाम चिडवतोय. मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. तो तबकडीकडे बघतच नव्हता. जिथे ती असायला हवी त्या दिशेला नुसता तोंड करून उभा होता.

‘‘ऑर्विल, ही माझी बोटं किती?’’

‘‘पोरखेळ करू नकोस.’’

‘‘किती?’’

‘‘तीन,’’ तो म्हणाला.

तिने हात वर केलाच नव्हता.

क्लेटनने रेग्युलेटर बदलला, सांधे तपासले, कुठे बुडबुडा येत नाही हे बघितलं आणि कागदावर सही घेऊन शक्य तितक्या लवकर गाडी काढली. तो दिसेनासा होईपर्यंत अर्लीन थांबली.

‘‘कधीपासून?’’

‘‘सगळं दिसत नाही असं नाही. धूसर दिसतं.’’

‘‘कधीपासून, विचारतेय.’’

‘‘दोन वर्षं झाली असतील.’’

‘‘मग रोज चाळीस कुठून आणत होतास?’’

‘‘ख्रिसमसच्या आधी टँकरवाला चाळीस आहे, भरू का म्हणाला होता, मी नको म्हटलं,’’ तो खाली बघत म्हणाला. ‘‘वाटलं, तेवढ्यात कितीसा उतरणार? तू दवाखान्यात. तुला कशाला घोर?’’

‘‘घोर!’’ अर्लीनचा आवाज फाटला. ‘‘नळ फुटले, जमीन उखडली, मी सात आठवडे बहिणीच्या सोफ्यावर काढले, आणि तू म्हणतोस घोर नको? आणि थांब. मार्चमध्ये मला घरी कोणी आणलं?’’

ऑर्विलने टोपी आणखी खाली ओढली.

‘‘बहिणीच्या घरापासून शंभरच्या वर मैल, बर्फातून! सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांची पोरं नेली-आणली, एक ओरखडा नाही, आणि मला आंधळ्याच्या शेजारी बसवून आणलंस?’’

‘‘मधली पिवळी रेघ दिसत होती.’’

हातातली रिकामी किटली तिने टाकीवर आपटली. दणदणून घुमली टाकी. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

‘‘कळलं असतं तर माझं लायसन्स काढून घेतलं असतं,’’ ऑर्विल म्हणाला. ‘‘मग मी काय करायचं इथे? सगळ्यात जवळचं दुकान अकरा मैलांवर. मी काय खिडकीत बसून राहू?’’

‘‘मला सांगायचं! मला येते गाडी चालवता, विसरलास काय?’’

‘‘तुझा खुबा...’’

‘‘खुबा जानेवारीत दुखत होता. तुझे डोळे दोन वर्षं गेलेत.’’

तीन दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. जेवण टेबलावर यायचं, ताटल्या धुतल्या जायच्या, बस. चौथ्या दिवशी सकाळी अर्लीनने ट्रकची किल्ली खिळ्यावरून काढली, स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि फोन हातात घेतला. पियानो वाजला. महत्त्वाचा फोन झाला. ब्रिएल आली.

‘‘हौताला बाई, आता काय बिघडलं?’’

‘‘काटा बरोबर होता. चूक आमच्याकडून झाली. तुला मी बरंच बोलले.’’

‘‘बरं. मग तक्रार बंद करू?’’

‘‘कर. आणि टँकर पाठव. पुढच्या वर्षीपासून आम्ही फोन करणार नाही, तुमचं तुम्हीच येऊन भरत जा, तसं लिहून ठेव.’’

‘‘त्याचा फॉर्म वेगळा असतो.’’

अर्लीनने डोळे मिटून दहा आकडे मोजले. ‘‘पाठव फॉर्म,’’ ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी टँकर आला. ड्रायव्हरने नळी लावली, मोटर घरघरली, आणि ऑर्विल पोर्चच्या पायरीवरून ऐकत राहिला. मोटर थांबली तसा तो उठला.

‘‘भरली पूर्ण?’’

‘‘ऐंशी टक्के,’’ ड्रायव्हर म्हणाला.

‘‘ऐंशी? आणि वरचे वीस?’’

‘‘गॅस उन्हात फुगतो, काका. त्याला जागा ठेवावी लागते. तुम्हाला माहीत असेलच.’’

‘‘माहीत आहे मला! तूही मलाच शिकव आता!’’ ऑर्विल म्हणाला आणि पायरीवर परत बसला. कोणावर तरी ओरडायला मिळाल्यामुळे त्याला जरा बरं वाटलेलं दिसलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे अर्लीनने त्याला सप्टेंबरच्या सुरुवातीला नेलं. नव्वद मैल तिनेच गाडी चालवली, आणि नव्वद मैल तो शेजारी बसून ‘हळू’, ‘वळण आहे’, ‘मागे ट्रक आहे’ असं सांगत राहिला. मागे ट्रक नव्हता. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळे तपासले आणि सांगितलं की मोतीबिंदू आहे, पिकलाय, पण ऑपरेशनने चांगलं दिसेल. ऑर्विलचे खांदे एकदम सैल पडले. आपण कायमचे आंधळे होत चाललोय असं तो दोन वर्षं मनात धरून बसला होता, आणि एका शब्दानेही कोणाला विचारलं नव्हतं.

मग काउंटरवरच्या बाईने तारीख दिली. चौदा नोव्हेंबर.

‘‘पंधराला शिकारीचा मोसम सुरू होतो!’’ ऑर्विल म्हणाला. ‘‘बावन्न वर्षांत माझा पहिला दिवस चुकलेला नाही.’’

‘‘त्याआधीची एकही तारीख नाही. नंतरची हवी तर फेब्रुवारीतली आहे.’’

‘‘चौदाच लिहा,’’ अर्लीन म्हणाली.

‘‘मला विचार तरी!’’

‘‘तू मला दोन वर्षं विचारलंस?’’

बाईने चौदा लिहिलं. ऑर्विल पार्किंगपर्यंत पुटपुटत आला. गाडीच्या दाराची कडी दोनदा त्याच्या हाताला लागली नाही. अर्लीन वळसा घालून त्याच्या बाजूला गेली, तिने दार उघडलं, आणि तो बसेपर्यंत धरून उभी राहिली. तिचा खुबा ठणकत होता. राग अजून गेला नव्हता. तो या हिवाळ्यात जाईल असंही तिला वाटत नव्हतं.

‘‘भूक लागलीय,’’ तो आतून म्हणाला.

‘‘मलाही,’’ ती म्हणाली, आणि मांस-बटाटा भरलेल्या पेस्टीचं दुकान दुपारी किती वाजता बंद होतं हे आठवत तिने दार लावलं.