वाफ धरणारी दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. चंद्र-चांदण्या बघणारी नव्हे हं, माणसाच्या नाकात शिरणारी! पेन्सिलीपेक्षा बारीक आणि आतून सगळी काच. ज्या कारागिराने मला घडवले, त्याने मला उजेडात धरून इतक्यांदा उलटसुलट तपासले, की तो संशयी स्वभाव मलाही चिकटला. 'नीट धुतली आहे' असे कुणी म्हटले, की मला हमखास शंका येते.

डोळ्यामागे गाठ झाली, की मी नाकातून वाट काढत तिथवर जायचे. चेहऱ्यावर साधा ओरखडाही उमटत नसे. लोक तोंडभरून कौतुक करायचे. माझ्यात खोट एकच. ओलसर, गरम हवा लागली, की माझ्या काचेवर वाफ धरते. "झाली परत आंधळी!" म्हणत डॉक्टरीणबाई मला पुसायच्या. फार लाज वाटायची.

एकदा एक मुलगी आली. बापलेकीचे किल्ल्या बनवण्याचे दुकान होते. तिचा उजवा डोळा पुढे आला होता, आणि त्या डोळ्याला लाल रंग विटल्यासारखा दिसत होता. गाठ डोळ्याच्या नसेवर दाबत होती. ती काढली नसती, तर डोळा गेला असता. तिचे वडील तर माझ्याहून संशयी!

"दुखणं डोळ्यात आणि शिरणार नाकात? हे काय गौडबंगाल?"

"बाबा, तुम्ही नाही का कपाट न फोडता कुलूप उघडत?" लेक म्हणाली.

"ते कुलूप असतं. तू माझी पोर आहेस," ते म्हणाले.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मीही धास्तावले होते. गाठ नसेला अगदी खेटून बसली होती. वाफ धरायची, बाई पुसायच्या, पुन्हा धरायची. माझ्यापायी या पोरीचा डोळा जातो की काय, असे वाटून मी हादरले. पण बाईंनी घाई केली नाही. गाठ सुटली आणि नाकाच्याच वाटेने बाहेर आली.

वडिलांना मात्र पटेना. "ना टाका, ना पट्टी, नाकात नुसता बोळा! काही केलंय, की झोपवून उठवलंय?" बाटलीतली गाठ दाखवली, तर म्हणाले, "कुणाची कुणास ठाऊक!" पुढे लेक 'आता छान दिसतंय' म्हणू लागली, तेव्हा त्यांना वाटले, आपल्याला बरे वाटावे म्हणून ही थाप मारते आहे.

काही आठवड्यांनी ती तपासणीला आली. मी तिच्या नाकात गेले आणि मला दिसते ते दाखवणारा पडदा बाईंनी वडिलांकडे वळवला. हाडात केलेली वाट दिसत होती. तिच्यावर नवी, गुलाबी त्वचा आली होती. गाठीचा मागमूस नव्हता.

"हे हिचंच नाक कशावरून?" वडील म्हणाले. "जुनी फिल्म लावली असेल."

बाई चिडल्या नाहीत. "पोरी, नाकातून जोरात श्वास सोड बघू."

तिने सोडला. माझ्यावर वाफ धरली आणि पडदा पांढराफटक झाला.

"परत सोड," वडील म्हणाले. पडदा परत पांढरा. "आता थांब जरा." हळूहळू चित्र स्वच्छ झाले.

मी बाहेर आल्यावर वडिलांनी खिशातून लाल कडीची किल्ली काढली आणि लेकीच्या डाव्या डोळ्यावर आपला तळहात दाबून धरला. फटीतून बघेल, अशी शंका होतीच!

"रंग कोणता?"

"लाल. अगदी लालभडक! आणि बाबा, नखांत किती ते ग्रीस!"

तेव्हा ते हसता हसता रडू लागले. त्या दिवशी मला पुसताना बाई 'आंधळी' म्हणाल्या नाहीत.

आता नवी दुर्बीण आली आहे. तिच्यावर माझा काडीचा विश्वास नाही, पण ते राहू दे. मी पेटीत पडून असते. मित्रांनो, मला आपटू नका, वाकवू नका, हलक्या हाताने धुवा. संशय आला, तर खुशाल विचारा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि माझ्या काचेवर वाफ धरली, तर माझ्यावर ओरडू नका. पलीकडे कुणाची तरी लेक श्वास घेत असते.