ऐकलेला अल्बम बाद

चष्मेवाल्याच्या पोटात गेले काही रविवार दुखत होतं, आणि त्या दुखण्याचं कारण होती लिफ्टवाली. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, ती हीच बाई.

चष्म्याच्या दुकानामागे डोळे तपासायची छोटी खोली होती. रविवारी दुकान बंद, म्हणून दुपारी तिथे तिघं जमायची: चष्मेवाला, त्याची थोरली बहीण, म्हणजे दवाखान्यात नर्स असलेली ताई, आणि शेजारचा बेकरीवाला. जमायची ती गाणी ऐकायला. पण रेडिओवर लागतात ती गाणी नव्हेत हं! कुठल्या तरी गॅरेजात पोरांनी बोंबलून केलेलं पंक, कानाचे पडदे फाडणारं मेटल, स्मशानात बसून म्हटल्यासारखं गॉथ, नाहीतर नुसत्या यंत्रांचं इलेक्ट्रॉनिक. त्यातही अट अशी, की अल्बम कुणालाच ठाऊक नसलेला हवा. प्रत्येकानं आपला अल्बम वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचा. लावल्यावर खोलीतलं एक जण जरी "ऐकलाय" म्हणालं, की तो बाद. उरलेल्यांत ज्याचा सरस ठरेल, त्यानं डोळे तपासायच्या मोठ्या खुर्चीत ऐसपैस बसायचं.

त्या खुर्चीत वर्षानुवर्षं चष्मेवालाच बसत आला होता. "तुझा कान म्हणजे कान आहे बाबा," असं बेकरीवाला म्हणाला, की तो वरवर "छे रे, नशीब!" म्हणायचा, पण आतून त्याला स्वर्ग दोन बोटं उरायचा. बायको नाही, पोर नाही, दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे. या एका खोलीत तो कुणीतरी होता.

आणि मग ताई दवाखान्याच्या लिफ्टमध्ये अडकली. सोडवायला आली ती एक बाई, हातात पाना, आणि गुणगुणत होती काय, तर कुणाच्या गावीही नसलेलं एक पंक गाणं. ताईनं ते ओळखलं. पुढच्या रविवारी तिला घेऊनच आली.

झालं! लिफ्टवालीनं पहिल्याच दिवशी लॉन्ड्रीत कपडे धुणाऱ्या बायकांचा पंक अल्बम लावला आणि खुर्ची पटकावली. पुढच्या खेपेला पोहण्याच्या रिकाम्या तलावात उतरून रेकॉर्ड केलेलं गॉथ. बेकरीवाल्याच्या अंगावर काटा आला. ताईनं डोळे पुसले! चष्मेवाल्यानं इतकी वर्षं एवढे अल्बम आणले, तेव्हा कधी पुसले नव्हते. बेकरीवाला तर कडेचा खरपूस केक तिच्यासाठी राखून ठेवायला लागला. दुकान याचं, खोली याची, खुर्ची याची, आणि हा बसला स्टुलावर. नव्याचे नऊ दिवस, असं तो स्वतःला समजावत होता, पण जळफळाट काही थांबत नव्हता.

या रविवारी मात्र तो तयारीनं आला होता. तीन बहिणींनी बापाच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये केलेलं मेटल. मधूनच कोंबड्याही ओरडत होत्या. ताई पोट धरून हसली, बेकरीवाल्यानं टाळ्या वाजवल्या. आज खुर्ची आपलीच, असं चष्मेवाल्यानं धरून टाकलं.

मग लिफ्टवालीनं आपली रेकॉर्ड कागदातून काढून लावली. आधी एक खोल घरघर, मोटार जागी होताना करते तशी. मग दोर करकरला, कुठेतरी टकटक सुरू झाली, आणि बघता बघता त्या टकटकीचाच ताल झाला. त्यावर एका बाईचा आवाज, शब्द नसलेला. ताईनं डोळे मिटले. बेकरीवाल्याचा केक हातातच राहिला.

चष्मेवाल्याला तो अल्बम आवडला. इथेच तर सगळं बिघडलं. हिलाच का सापडतं असलं? मला का नाही? तो मनातून नुसता पेटला, आणि तोंडातून निघून गेलं:

"ऐकलाय मी हा."

तिचं तोंड उतरेल, असं त्याला वाटलं होतं. ते उजळलं.

"खरंच? कुठे मिळाला तुम्हाला?"

"असाच... एका दुकानात."

"दादा, हा माझा आहे. मीच केलाय. लिफ्टच्या मोटारींपाशी बसून रेकॉर्ड केला, आवाजही माझाच. दुकानादुकानांत ठेवला. सगळे परत आले, एक सोडून. तो एक कुणीतरी विकत घेतला. कुणी, ते दुकानदाराला आठवेना. तेव्हापासून अशी मंडळी जिथे जमतात तिथे जाते, हा लावते, आणि कुणीतरी 'ऐकलाय' म्हणेल म्हणून वाट बघते."

"अरे, म्हणजे तो तू!" ताईनं त्याचा खांदाच धरला.

"मी म्हणत नव्हतो?" बेकरीवाला म्हणाला. "कान म्हणजे कान!"

खरं सांगायची वेळ होती ती. पण तिघंही त्याच्याकडे अशी बघत होती, की ते कौतुक सोडवेना. चष्मेवाला ते सुख चाखत राहिला.

"आणि दुसरी बाजू?" तिनं हळूच विचारलं. "लोकांना वेडेपणा वाटेल, अशी मला धास्ती होती. तुम्हाला काय वाटलं?"

"वेडेपणा कसला? पहिलीपेक्षा दुसरीच सरस! तो शेवटचा तुकडा तर मी कितीदा ऐकलाय."

तिनं सुई उचलली आणि रेकॉर्ड उलटी करून त्याच्यासमोर धरली. मागची बाजू गुळगुळीत होती. एक खाच नाही, काही नाही.

"सांगायचं होतं ते एका बाजूतच संपलं," ती म्हणाली. "म्हणून दुसरी कोरी ठेवली."

ताईचा हात त्याच्या खांद्यावरून निघाला. "लाज नाही वाटत तुला?"

"असू दे, ताई." लिफ्टवालीच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं, सापडला एकदाचा माणूस." तिनं रेकॉर्ड टेबलावर ठेवली. "राहू दे इथे. ऐका कधीतरी. नीट ऐका."

ती गेली. मागोमाग ताई गेली. बेकरीवाला वर न बघता केकचा डबा आवरून गेला.

चष्मेवाल्यानं एकट्यानं रेकॉर्ड लावली. संपली, पुन्हा लावली. इतकं सुंदर त्यानं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. आणि ऐकता ऐकता पोटातलं ते जुनं दुखणं पुन्हा उठलं, आधीपेक्षा जोरात. या खेपेला लिफ्टवालीमुळे नव्हे, तर त्या एका गिऱ्हाइकामुळे. कोण असेल मेला! दुकानात उभं राहून त्यानं हेच ऐकलं असेल, आवडलं म्हणून काखोटीला मारून घरी नेलं असेल. कुणाला हरवायचं त्याच्या मनातही आलं नसेल.